आवोऽऽ, भाकरी आणलीया

९ जानेवारी, गुरुवार

आज एस.टी.च्या खिडकीतून मला माझाच आवाज ऐकू आला. इंदापूरला बँकेत चालले होते. निमगावच्या अलीकडं गाडी थांबली आणि रस्त्याकडेच्या शाळवाच्या ज्वारीतून मी ओरडले, "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ भोरड्याऽऽ!" मी तर गाडीत बसलेली, तोंडात बडीशेप. तिकडं परक्याच्या रानात बांबूला टांगलेल्या भोंग्यातून माझा गळा. भोरड्यांचा थवा उठला आणि गाडीतले लोक हसले. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मागोमाग भोंगा म्हणाला, "आवोऽऽ! ऐकलं काऽऽ! भाकरी आणलीयाऽऽ!" मागच्या बाकावरून एक टग्या म्हणाला, "आलो आलो. कालवण काय हाय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

हे सगळं आमच्या ऋषिराजमुळं. लेक माझा, बारामतीला कंपनीत आहे. दिवाळीत मला चिकनगुन्या झाला, गुडघे गेले, माळ्यावर चढून पाखरं राखणं होईना. म्हणून त्यानं इंदापूरच्या अफजलच्या दुकानातून बॅटरीवरचा भोंगा आणला. आई, हे बटण दाबून एकदा ओरड, मग हा दिवसभर तेच ओरडत राहील, असं म्हणाला. मी बांधावर उभी राहून ओरडले. समोर बाभळीखाली आमचे हे माझ्याकडं पाठ करून बसलेले, आणि माझ्या डोक्यावर भाकरीची पाटी. बटण सोडायचं राहिलं आणि सवयीनं यांना हाक मारली. तीही आत गेली. आपल्या रानात आपल्या नवऱ्याला मारलेली हाक, कुणाच्या बापाचं काय जातं, म्हणून तशीच ठेवली.

'आवो' ही हाक मी जन्मात एकाच माणसाला मारली आहे. यांचं नाव मी घेत नाही, इथंही लिहिणार नाही. आणि आता ती हाक निमगावच्या कुठल्या कोण गड्याला जेवायला बोलावते.

ही वही अंगणवाडीतली, कोरी राहिलेली. निवृत्त होताना घेऊन आले होते. लिहिते आहे, कारण कुणाला सांगायला गेलं की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की मी काय सांगते ते लोक ऐकत नाहीत, कशी सांगते तेच ऐकतात.

११ जानेवारी, शनिवार

अफजलला गाठलं. त्याची आई शहाजादी आमच्या निरवांगी गावची लेक, म्हणून तो मला मावशी म्हणतो. मावशी म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. विचारलं, माझा आवाज तू कुणाला विचारून वाटलास?

त्याचं म्हणणं असं. बॅटरी बदलायला भोंगा त्याच्याकडं गेला होता, तेव्हा त्यानं आवाज उतरवून घेतला आणि एका चुलतभावाला दिला. त्याच्याकडून दुसऱ्यानं नेला. आता गिऱ्हाईक दुकानात येऊन माझं नाव घेऊनच मागतं, साखरबाईचा आवाज टाकून दे.

"मावशी, पाखरं समद्याला सरावत्यात," तो म्हणाला. "ससाण्याचा आवाज लावला, बंदुकीचा बार लावला. दोन दिस भ्याली, मंग भोंग्यावरच येऊन बसाय लागली. तुमचा आवाज तेवढा टिकला बगा."

मी म्हणाले, मग पुढची हाक तरी काप. तर म्हणतो, कापून बघितली, उपयोग झाला नाही. भाकरी आणली म्हटलं की झाडाखाली लवंडलेला गडी हसत का होईना उठून बसतो, अंग हलवतो, आणि पाखरू माणसाच्या हालचालीला भितं. म्हणजे साऱ्या तालुक्यातले आळशी पुरुष माझ्या भाकरीवर हलतात. त्यांच्या बायकांना घसे नाहीत काय?

घरी येऊन यांना सगळं सांगितलं, एका दमात. हे माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. या वयात काय बघायचं राहिलंय कोण जाणे. मी म्हणाले, तुम्ही जाऊन अफजलला खडसवा. म्हणाले, व्हय. मी म्हणाले, उद्याच जा. म्हणाले, व्हय. आणि टीव्ही लावला. एवढा मोठा की मालिकेतली सासू किंचाळली तशी भिंतीवरची पाल पळाली. बायकोची इज्जत गावोगाव बांबूला टांगलीय आणि हा माणूस व्हय म्हणून मोकळा. पूर्वी एकादशीला भजनाला तरी जायचे, टाळ धरायचे. तेही दोन वर्षांपासून बंद. विचारलं तर म्हणे, मजा येत न्हाय.

१४ जानेवारी, संक्रांत

माझी जाऊ मुक्ताबाई, वाटणीनं शेजारची शेतकरीण आणि स्वभावानं शेजारची काटेरी बोर. वाणवसा घेऊन आली. तिळगुळ माझ्या हातावर ठेवला आणि पाचजणींच्या देखत म्हणाली, "तुला काय म्हणू बाई? गोड बोल म्हणलं तर तुला जमायचं न्हाय, आन् न्हाय म्हणलं तर सण वाया जायचा." सगळ्या हसल्या. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, हे तर मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे.

दुपारी शाळेचे गुरुजी आले. सव्वीस जानेवारीला मुलांचं रामायणावर नाटुकलं आहे. त्राटिका करणारी मुलगी गुणी आहे, पण तिची किंकाळी मैदानाच्या पलीकडं जात नाही. तर बाई, तुमच्या भोंग्यातला आवाज वापरला तर चालेल का? वर असंही म्हणाले की, तुम्ही गावाची शान आहात.

गावाची शान म्हणे! त्राटिकेच्या किंकाळीला! पुराणात बघावं तर देव बोलतात, ऋषी मंत्र म्हणतात, आणि बाया फक्त किंचाळतात. शूर्पणखेचं नाक कापलं तर ती ओरडणार नाही तर काय ओवी म्हणणार? कापणाऱ्याला कुणी विचारत नाही, ओरडणारीचं नाव मात्र पोरीबाळींना चिडवायला ठेवतात. आणि टिटवी! टिटवी ओरडली की म्हातारेकोतारे म्हणतात, कुणाच्या तरी घरावर संकट येणार. ती उघड्या रानात मातीवर अंडी घालते, औत आलं, कुत्रं आलं की जिवाच्या आकांतानं ओरडते. संकट तिच्या घरावर आलेलं असतं. आज गाव मला टिटवी म्हणतं, माहेरी म्हणत नव्हते. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणायच्या, ही पोर बोलते का पुटपुटते. टिटवी मी इथं येऊन झाले, कशी झाले ते मला ठाऊक नाही.

ठरवलं. आजपासून तोंड बंद. गोड नाही, कडू नाही, काहीच नाही. शब्द निसटू नये म्हणून रानातला स्कार्फ घरातही तोंडाला बांधून ठेवणार.

१७ जानेवारी, शुक्रवार

मी बोलत नाही हे मुक्ताबाईला दुसऱ्या दिवशी कळलं. दुकानदाराला कळलं. मी हाकललं नाही म्हणून शेजारचं कुत्रं थेट चुलीपर्यंत आलं, म्हणजे त्यालाही कळलं.

यांना कळलेलं नाही.

खोटं सांगत नाही. संक्रांतीपासून या घरात मी एक अक्षर उच्चारलं नाही आणि यांच्या वागण्यात तिळाएवढा फरक नाही. ताट आदळून ठेवलं तर म्हणतात, मीठ बराबर हाय. मी विचारलं होतं का? उलट वर थट्टा. आज तीनदा मान माझ्याकडं वळवून म्हणाले, "काय म्हणलीस?" मी काही म्हणालेच नव्हते. मी मुकाट भाजी निवडत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चेहरा असा केला की जणू मीच काहीतरी लपवते आहे. मी उठून परसात गेले.

माझं बोलणं आणि न बोलणं या माणसाला सारखंच. इतक्या वर्षांच्या संसाराची ही किंमत.

२१ जानेवारी, मंगळवार

आज फार वाईट बघितलं.

ऊन कलल्यावर बांधाकडं गेले होते, शेळीला पाला आणायला. आमचा भोंगा शाळवाच्या मधोमध आहे. त्या बांबूला टेकून हे बसलेले. भोंग्याच्या अगदी तोंडाशी, डोळे मिटून. त्या आवाजानं मेलेला उठून बसेल, आणि हे तिथं देवळात बसल्यासारखे. भोंगा म्हणाला, आवोऽऽ, भाकरी आणलीयाऽऽ, आणि हे हसले. मी डोळ्यांनी बघितलं. गालात हसले.

म्हणजे घरात बायकोकडं लक्ष द्यायचं नाही, आणि रानात बसून तिच्या फजितीची मजा घ्यायची. सगळा तालुका हसतो त्यात एक कमी होता, तोही भरून निघाला. मी मागून जाऊन तार उपटली. यांना मी आलेली समजलं नाही. डोळे उघडले, भोंग्याला चापट मारली, कान लावला, बॅटरी हलवून बघितली, पार कावरेबावरे झाले. मी तोवर बांधाआड गेले होते. तार लावून भोंगा परत सुरू झाला तेव्हा यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तिथंच बसून राहिले. टिटवी दोघांच्या डोक्यावरून ओरडत गेली. यांनी वर बघितलंसुद्धा नाही. गेल्या वैशाखात तिच्या अंड्यांसाठी यांनी हातभर जमीन नांगरायची सोडली होती. पाखराला दयामाया आहे, माझ्या वाट्याला ती नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, लेझीम, मग त्राटिका. गुरुजींनी माझी परवानगी आली नाही तरी आवाज वापरलाच. मी बोलत नव्हते, तेव्हा नाही कशी म्हणणार? पोरगी हात पसरून आली आणि स्पीकरच्या खोक्यातून मी ओरडले. 'भोरड्या' एवढं कापलं होतं. बाण लागल्यावर ती पडली आणि कापणाऱ्याचा हात चुकला असणार, कारण मेलेली त्राटिका खोक्यातून म्हणाली, आवोऽऽ, ऐकलं काऽऽ. श्रीरामसुद्धा हसला. सारं पटांगण लोळलं.

हे पहिल्या रांगेत खोक्याला लागून बसले होते. लोकांच्या नंतर हसायला लागले. आणि मग मागं वळून गर्दीत मला शोधत होते. मी मान फिरवली.

३० जानेवारी, गुरुवार

भिगवणला बहिणीच्या नातवाचं बारसं. उतरले तर स्टेशनच्या पलीकडं मासळी वाळत घातलेली, आणि कावळे-घारींना हाकलायला बांबूवर मी. हद्द झाली. शाळवाचं एक वेळ समजलं, आता वाळल्या मासळीवरही मी राखण. मासळीवाल्या बायका माझी नक्कल करत होत्या, आणि मी त्यांच्या समोरून तोंड बांधून गेले.

घरी येऊन शहाजादीला मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर बोललेलं आलं, आणि ते अफजलला ऐकवूनच पाठवलं होतं. "बाईचा आवो इकतोस व्हय रं? उद्या तुज्या बायकूनं तुला घातलेली हाक कुणी बाजारात लावली तर चालंल का तुला?"

एवढंच. मी इतके दिवस जे कुणाला पटवू शकले नाही ते तिनं एका दमात सांगितलं. मला रडू आलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अफजल चार दिवस मोटरसायकलवर फिरला. ज्यांना ज्यांना दिलं त्यांच्या भोंग्यातून मला काढलं आणि डबा बडवल्याचा आवाज घातला. आज आमचाही बदलून गेला. पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला, बोलले मात्र नाही.

जिंकले. शिवारात आता नुसती डबडी वाजतात.

संध्याकाळी हे भोंगा काढून घरी घेऊन आले. ओट्यावर बसून उघडला, पुन्हा लावला, पुन्हा उघडला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, बिघडलाय. मी स्कार्फ नीट केला आणि पीठ मळायला घेतलं. हे रात्री जेवले नाहीत. भोंग्यासाठी रुसायचं आणि बायकोसाठी व्हय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजच लिहायला हवं.

मुक्ताबाईच्या रानात ऊसतोड चालू आहे. दुपारी तिथला ट्रॅक्टर उसाची ट्रॉली भरून उलटा मागं येत होता. ड्रायव्हरनं गाण्याची खोकी एवढ्या मोठ्यानं लावलेली की कानाचे पडदे फाटावेत. आणि त्या वाटेवरच, ट्रॉलीकडं पाठ करून, आमचे हे खाली बसून भोंग्याची तार जोडत होते. तोडकरी ओरडले. कुणीतरी शिट्टी मारली. त्या गाण्यात कुणाचंच काही पोचेना. मी बांधावर होते, हातात भाकरी. स्कार्फ कधी सुटला कळलं नाही.

"आवोऽऽऽ!"

तीन आठवडे दाबून ठेवलेला आवाज निघाला. पलीकडच्या रानातल्या भोरड्या उठल्या. चार शेतांतली माणसं जागच्या जागी उभी राहिली. मुक्ताबाईच्या हातातला कोयता पडला. त्या दणदणाटातून तो आवाज ड्रायव्हरपर्यंत गेला आणि त्यानं ब्रेक दाबला. ट्रॉली यांच्यापासून दोन हातांवर थांबली.

सगळ्या शिवारानं ऐकलं. यांनी ऐकलं नाही. तार जोडतच होते. ट्रॉलीची सावली अंगावर पडलेली दिसली तेव्हा कुठं वळले.

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. मी जवळ गेले आणि यांच्या पाठीमागं उभी राहिले. बोलण्यासारखं बोलले, आवो. काही नाही. जरा मोठ्यानं बोलले. काही नाही. मग वाकून कानाशी तोंड नेऊन ओरडले तेव्हा दचकून म्हणाले, "आगं, तू कवा आलीस?"

तिथंच बांधावर बसलो. मी कानाशी ओरडून विचारत होते, हे सांगत होते, आणि मुक्ताबाई लांब उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. यांची सारी नोकरी साखर कारखान्यात, मिलच्या धडधडाटात गेली, तिथंच कान जायला लागले. आधी टिटवी गेली, मग टाळ, मग माणसं.

"तुजा आवाज तेवढा ऱ्हायला हुता," म्हणाले. "मंग संक्रांतीपास्नं त्यो बी ऐकू यीना. तोंडाला फडकं, हालतंय का न्हाय ते दिसंना. मला वाटलं, संपलं आता. म्हणून भोंग्यापाशी जाऊन बगत हुतो. तिथं ऐकू यायचीस. परवा तिथनं बी गेलीस."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? तर म्हणतात, गावात नाव पडतं. बहिऱ्या म्हणत्यात.

वा रे वा! स्वतःला बहिऱ्या म्हणवून घ्यायला लाज, आणि मला टिटवी म्हणवून घेतलं त्याचं काही नाही! यांना ऐकू जावं म्हणून मी दरसाल एक एक पट्टी वर चढत गेले. गाव माझ्यावर हसलं, संक्रांतीला हसलं, त्राटिका केली माझी, आणि हा माणूस शहाण्यासारखा व्हय म्हणत बसला. हे सगळं मी तिथंच कानात ओरडून सांगितलं. साऱ्या शिवारानं ऐकलं असेल. ऐकू दे.

मग त्यांना भाकरी दिली. दोन दिवसांचे उपाशी होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऋषिराजनं बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. यांना काचेच्या खोलीत बसवून यंत्रातून शिट्ट्या ऐकवल्या. बारीक शिट्टीला हात वर करायचा होता. यांचा हात मांडीवरच राहिला, आणि काचेतून माझ्याकडं बघत होते. मी मान फिरवली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खूप आधी यायला हवं होतं, पण यंत्रानं पुष्कळ फरक पडेल. मी म्हणाले, यांना सांगा, मला नको. मी यांच्याशी बोलून बोलून घसा फोडलाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र आलं. कानामागं बसतं, चिंचोक्याएवढं. ऋषिराजनं लावून दिलं आणि हे अंगणात उभे राहिले. वर बघत म्हणाले, टिटवी अजून हितंच हाय व्हय, मला वाटलं रान सोडून गेली. ती रोज आमच्या डोक्यावरून जाते.

दुपारी चुलीपासून नेहमीसारखी हाक मारली, भाकरी वाढलीयाऽऽ. यांनी कानावर हात दाबला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "केवढ्यानं वरडतीस? जरा हळू बोल की."

हळू! मला! डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, हा आवाज तुमच्यासाठी घडवलाय, तुमच्याच कामाला खर्ची पडलाय, आता तुम्ही मला हळू बोल म्हणून सांगता? यांनी यंत्र काढून हातात घेतलं आणि हसत बसले. मी ताट तसंच ठेवून गोठ्यात निघून गेले.

तिथं कुणी नव्हतं, म्हणून हळू बोलून बघितलं. यायचं नाही. आधी नुसती हवा निघाली. मग एकदम अशी किंकाळी, की म्हशीनं मान वर केली. सासूबाई ज्याला पुटपुटणं म्हणायच्या तो आवाज कुठं गेला ते मला आठवेना. वैरणीच्या पेंढीवर बसले, घसा ओला केला आणि पुन्हा प्रयत्न केला. आवो. पुन्हा एकदा, त्याहून हळू. आवो. माझं मलाच धड ऐकू आलं नाही.

घरातून यांचा आवाज आला, "आलो."

मी बोलावलं नव्हतं. तरी यंत्र कानाला चाचपत, चपला घालून गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. भाकरी तर केव्हाच गार झाली होती.